आडतीचं कुलूप

"ह्याला तोंड हाय," अप्पा म्हणाले.

ब्याऐंशी वर्षांचे महालिंगप्पा. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, तरी भिंग हातात घेतल्याशिवाय ते फोटो बघत नसत. भिंगाखाली त्यांच्या सुनेचा, महेश्वरीचा मोबाइल होता आणि मोबाइलवर एक कुलूप. माणूस नाही, देव नाही, जनावरसुद्धा नाही. कुलूप.

त्यांची लेक जगदेवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या हातून काही पडलं नाही, सांडलं नाही. तोंडातला घोट तेवढा गिळायचा राहून गेला.

कारण अप्पांच्या जिभेवर फोटोची याहून मोठी तारीफच नव्हती. "बरा हाय" म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायला हरकत नाही. "ठेव" म्हणजे बाजूला ठेव, पुन्हा दाखवू नको. आणि "ह्याला तोंड हाय" हे त्यांनी जगदेवीच्या देखत चारदा म्हटलं होतं, चारही वेळा स्वतःच्याच फोटोला. एकतीस वर्षं स्टुडिओ जगदेवी चालवत होती. तिच्या वाट्याला कायम "ठेव" आलं होतं.

उमरग्यात हमरस्त्याला लागून दवाखान्यांची रांग आहे, तिच्या शेवटाला 'महालिंग फोटो स्टुडिओ'. खाली स्टुडिओ, वर घर. दुकानाच्या बाहेर भिंतीत एक काचेचं कपाट बसवलेलं, दोन हात उंच, दीड हात रुंद. त्यात एका वेळी एकच फोटो. दर खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा झाली की अप्पा जुना फोटो उतरवत आणि नवा लावत, तो वर्षभर राही. हैदराबादेकडं जाणारे ट्रकवालेसुद्धा चहाला उतरले की आधी काचेत कोण आहे ते बघून जात. गावात म्हण पडली होती, महालिंगप्पाच्या काचेत बसायला नशीब लागतं.

ते नशीब जगदेवीच्या कुठल्या फोटोला लाभलं नाही. लग्न होऊन चार महिन्यांत ती माहेरी परत आली. का, ते तिनं सांगितलं नाही आणि अप्पांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात कॅमेरा दिला, एवढंच. तेव्हापासून पासपोर्टचे, मुली दाखवायचे, बारशाचे, गेलेल्या माणसांच्या जुन्या फोटोवरून मोठे करायचे, सगळे फोटो तिचेच. नवमी जवळ आली की ती आपले तीन-चार निवडक फोटो अप्पांच्या बसायच्या जागेजवळ ठेवी. अप्पा बघत, भिंग लावून बघत, आणि म्हणत, "ठेव." मग आपल्या जुन्या पेटीतली एखादी निगेटिव्ह काढून देत. डोळे अधू झाल्यावर नवे फोटो बंद झाले, पण काचेतली जागा काही त्यांनी सोडली नाही.

आणि आता हे कुलूप.

महेश्वरी फोटो काढणारी बाई नव्हेच. जगदेवीचा धाकटा भाऊ विरेश लोहाऱ्याला मास्तर, ही त्याची बायको, तीही शाळेत बाई. उन्हाळ्यात शाळेच्या माणसांना घरोघर फिरून माहिती भरायचं काम लागलं. घर बंद असेल तर नुसतं 'बंद' लिहून चालेना. बंद दाराचा, कुलूप दिसेल असा फोटो जोडायचा, नाहीतर वरचे म्हणणार बाई गेल्याच नाहीत. तेव्हापासून महेश्वरी कुलपांचे फोटो काढायला लागली, ती काम संपलं तरी थांबली नाही.

कुणी पुण्याला कामाला गेलेलं, त्यांनी पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कुलपाला दुधाची पिशवी बांधलेली. सरकारी खोलीच्या कुलपाला फडकं गुंडाळून लाखेचा शिक्का मारलेला. शेतातल्या मोटारीच्या पेटीला कुलूप, ते उंदरांसाठी की चोरांसाठी कळत नाही. देवळाच्या दानपेटीला तीन कुलपं, तीन पंचांची, एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. बंद पडलेल्या दवाखान्याच्या जाळीला कुलूप, त्याच्या आकड्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. शाळेतल्या लेकराच्या पेटीचं बोटाच्या पेराएवढं कुलूप, किल्ली दोऱ्यानं त्यालाच बांधलेली. महेश्वरी रोज संध्याकाळी जिना चढून आली की म्हणे, "मामा, आज दोन सापडली," आणि सासरे भिंग मागवत.

जगदेवी आधी हसली होती. "कुलपं काय काढायची? ती हालत न्हायत, डोळे मिटत न्हायत, त्यात काय कसब?" मग हसू कमी झालं. मग ती संध्याकाळी त्या वेळेला मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला लागली, म्हणजे थापण्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येऊ नये. पण हेवा मोठा कानाचा असतो. भिंतीपलीकडचं "बरा हाय"सुद्धा त्याला ऐकू येतं.

समोर बांगड्यांचं दुकान चालवणारी श्रीदेवी तर तोंडाचीच फटकळ. "जगदेवीबाई, तुमच्या घरात आता दोन फोटोवाल्या झाल्या म्हणं. एकीला माणसं, एकीला कुलपं. वाटणी बरी झाली."

"झाली की," जगदेवी म्हणाली.

"पण तुमची भावजय नशीबवान हो. कुलपाला पैल्यांदा पावडर लावा, हनुवटी वर करा, असं काय सांगावं लागत न्हाय."

जगदेवी सोमवार धरायची, रोज आंघोळ झाल्यावर इष्टलिंगाच्या पूजेला बसायची. डाव्या तळहातावर लिंग, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, बेलाचं पान, नजर एका जागी. चाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. पण अप्पांनी "तोंड हाय" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तळहाताकडं बघता बघता तिला तिथं कुलूप दिसायला लागलं. तिनं डोळे मिटले. पुन्हा उघडले. माणूस देवापुढं बसतो, मन थोडंच बसतं? ते भावजयीच्या मोबाइलपाशी जाऊन उभं राहिलं होतं. तिनं क्षमा मागितली, पण ती मागतानाही तिच्या मनात होतं की महेश्वरी रोज पूजेला पाच मिनिटं बसत नाही, तिला हे कसं मिळतं.

ते कुलूप होतं बसवेशच्या आडतीचं. उमरग्याच्या जुन्या पेठेत त्याची धान्याची आडत, चार पिढ्यांची. लाकडी दाराला नारळाएवढं कुलूप, लोखंडी अंग आणि पितळी तोंड. दुकान उघडायच्या आधी कुलपाला भस्माची बोटं ओढायची, खाली कुंकवाचा टिळा, सणाला तेलाचा थेंब. असं शंभर वर्षं चालल्यावर त्या तोंडावर काळपट, राखी, तांबूस असा जाड थर चढला होता. महेश्वरीनं तो सकाळच्या उन्हात जवळून टिपला होता.

दोन दिवसांनी जेवताना अप्पांनी सांगून टाकलं, "औंदा काचेत ते कुलूप लावू."

विरेशनं बायकोकडं बघितलं. महेश्वरी लाजली, मग म्हणाली, "पण मामा, हा मोबाइलचा हाय. लई मोठा केला की फुटतो. अक्कांनी परवा करून बघितला, नुसते चौकोन चौकोन दिसतात."

हे खरं होतं. करून बघताना जगदेवीला बरं वाटलं होतं, हेही खरं होतं.

"मग मोठ्या कॅमेऱ्यानं काढ. जगू, रविवारी हिला घेऊन जा. तू कॅमेरा लावून दे, कुठून काढायचा ते ही सांगंल."

कुठून काढायचा ते ही सांगंल. जगदेवीनं पुढ्यातल्या ताटात पाणी फिरवलं आणि उठली. एकतीस वर्षं ज्या हातांनी फोटो काढले त्यांनी आता तिपाई धरायची, आणि डोळा दुसरीचा. आणि काचेत लावायचा तोही तिचाच.

रविवारला चार दिवस होते. शुक्रवारी सकाळी पूजा उरकून जगदेवीनं कॅमेरा, तिपाई आणि उजेड फिरवायचा थर्माकोलचा पांढरा तुकडा पिशवीत घातला. अप्पांना म्हणाली, महेश्वरीच्या शाळेत ओळखपत्राचे फोटो आहेत. मनात तिचा हिशोब साधा होता: तेच कुलूप, पण धड काढलेलं. अप्पांपुढं दोन्ही ठेवायचे. मग त्यांना कळंल मोबाइल कुठं आणि हात कुठं.

सोयाबीनचे दिवस. बसवेश आडतीच्या पायरीवर किल्ली घेऊन उभा, मागं दोन टेम्पो भरून माल. त्याची आई शांताक्का लेकीकडं गुलबर्ग्याला गेली होती, दोन दिवसांनी यायची होती.

"कुलपाचा फोटो? परत?" बसवेश हसला. "तुमच्या भावजयबाई चार दिवसांमागं काढून गेल्या की."

"तो मोबाइलचा. हा काचेतला हाय."

काचेतला म्हटल्यावर बसवेशचा चेहरा खुलला. "मग काढा बिगीबिगी. माल उतरायचाय."

जगदेवीनं कॅमेऱ्यातून बघितलं. आणि तिला जे कुठल्याही गिऱ्हाइकाच्या बाबतीत आधी दिसायचं तेच दिसलं: तोंड धुतलेलं नाही. स्टुडिओत कुणीही आलं की ती आधी आरशापुढं उभं करायची. लेकराचं नाक पुसायचं, म्हाताऱ्याच्या कानामागचा साबण काढायचा, नव्या नवरीच्या कपाळावरचं पसरलेलं कुंकू टोकदार करायचं. त्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, हा अप्पांनी पहिल्या दिवशी घालून दिलेला नियम. हे तर राखेनं, तेलानं माखलेलं कुलूप.

"बसवेश, जरा धुवून घिऊ का? पितळ वर आलं की काय दिसंल बघ."

"घ्या की. आई रोज लावती, धुवायचं कुणाला सुचतंय? आईला बी बरं वाटंल."

त्यानं कुलूप काढून हातात दिलं. केवढं जड. मागच्या नळावर तिनं ते ठेवलं, शेजारणीकडून चिंचेचा गोळा आणि चुलीतली राख आणली, काथ्यानं घासायला बसली. थर लवकर सुटेना. नखानं काढला, खिळ्यानं कोपरे उकरले. काळं पाणी मोरीतून वाहत राहिलं, मग तांबडं, मग पांढुरकं. खालून पितळ निघालं, पिवळंधमक, आणि त्यावर बारीक कोरलेली वेल, जी बसवेशनंसुद्धा जन्मात बघितली नव्हती. "अरेच्चा," तो म्हणाला, आणि हमालांना बोलावून दाखवायला लागला. जगदेवीला देवघरातली समई घासून ठेवावी तसं समाधान झालं.

तिनं कुलूप दाराला लावलं, एका बाजूनं ऊन आणि दुसऱ्या बाजूनं थर्माकोल धरून तीस-पस्तीस फोटो काढले. त्यातला एक इतका नेमका आला की वेलीचं पान न् पान मोजावं. परत येताना वाटेत तिला वाटत होतं, आज सोमवार नाही तरी उपास करावा, इतकं मन भरलं होतं.

तिनं तो दुपारीच छापला, मोठ्या आकारात, आणि अप्पांच्या पुढं ठेवला. शेजारी महेश्वरीचा छोटा ठेवला.

अप्पांनी भिंग लावलं. एकदा वरून खाली गेले. मग पुन्हा.

"हे कुणाचं कुलूप?"

"बसवेशच्या आडतीचं. तेच की."

"ते न्हवं हे."

"तेच हाय अप्पा, धुतलंय म्हणून वेगळं दिसतंय. बघा कशी वेल निघाली."

अप्पांनी भिंग खाली ठेवलं. 

"धुतलंस?"

"तुमीच शिकवलंय. तोंड धुतल्याबिगर फोटो न्हाय."

"गिऱ्हाइकाचं धुवायचं सांगितलं व्हतं," अप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "त्याला तो घरात लावायचा असतो, सोयरिकीला पाठवायचा असतो. काचेतल्याला म्या कधी धुतलं का?"

जगदेवी जिना उतरून खाली गेली. काचेच्या कपाटाखालच्या फळीवर मागच्या सगळ्या वर्षांचे फोटो उभे करून ठेवलेले होते, ती दर अमावास्येला त्यांच्यावरची धूळ झाडायची. आज तिनं ते एकेक करून बाहेर काढले. पिठाच्या गिरणीवाला, त्याच्या भुवया पांढऱ्या. गुऱ्हाळावरची बाई, गालावर चिकटलेला केसांचा गुंता. रडून आलेली शाळकरी पोरगी, नाकाखालची रेघ वाळलेली. बैलबाजारातला म्हातारा, पटक्याचं एक टोक दातात. एकही धुतलेला नाही, एकही विंचरलेला नाही. हे फोटो तिनं हजारदा पुसले होते. कडा पुसल्या होत्या.

खरं तर अप्पांनी हे कधीतरी सांगायला हवं होतं. एकतीस वर्षांत एकदा तरी म्हणायचं, की जगू, तू माणसाचं माणूसपण पुसतीस आणि मग फोटो काढतीस. ते "ठेव" म्हणत राहिले. राग आला तिला त्यांचा. पण त्या रागाच्या खाली मोरीतून वाहणारं काळं पाणी होतं, ते काही केल्या थांबेना.

संध्याकाळी महेश्वरी आली. तिला बसवेशनंच मोठ्या कौतुकानं फोन करून सांगितलं होतं. जिन्यातच दोघींची गाठ पडली.

"अक्का, रविवारी जायचं ठरलं व्हतं आपलं."

"व्हय."

"मग शुक्रवारी का गेला?"

जगदेवीनं पदरानं जिन्याचा कठडा पुसला.

"शाळेत ओळखपत्राचे फोटो म्हणून सांगितलं मामांना. माझी शाळा हाय ती, अक्का. आमच्याकडं कुणी फोटोवालं आलंच न्हाय." महेश्वरी एक पायरी वर चढली. "स्टुडिओ तुमचा, कॅमेरा तुमचा, मामा तुमचे. गावात मला विरेश मास्तरची बायको म्हणतात, न्हायतर महालिंगप्पाची सून म्हणतात. एक कुलूप म्या हुडकलं व्हतं. तेवढं तरी घासायचं न्हाय."

ती वर निघून गेली.   

शांताक्का रविवारी सकाळी गुलबर्ग्याहून परत आली आणि दुपारी स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, डोक्यावरून पदर. जगदेवीनं पाणी दिलं. ती प्याली, तिनं भांडं खाली ठेवलं.

"बसवेश लेकरू हाय, त्याला काय कळतंय," ती म्हणाली. "आणि तू काय वाईट मनानं थोडंच केलीस. देवाला न्हाऊ घालावं तसं घातलीस."

वाईट मनानं थोडंच. जगदेवीला वाटलं पायरी दुभंगावी.

"पण त्यात ह्यांची बोटं व्हती," शांताक्का म्हणाली.

"कुणाची?"

"मालकांची. डावखुरे व्हते ना ते. सगळ्यांची भस्माची बोटं ह्या अंगानं त्या अंगाला जातात, त्यांची उलटी जायची. तीस वर्षं त्यांनी लावलं, तवा तो थर तसाच वळला, नांगराच्या तासासारखा. ते गेले, त्याला अकरा वर्षं झाली. म्या रोज लावायची, पण खाली. त्यांच्यावर कधी बोट ठेवलं न्हाय." तिनं पदरानं ओठ टिपले. "आज सकाळी उघडायला गेले, तर पितळ. माझंच तोंड दिसलं मला त्यात."

जगदेवीनं शांताक्काचा हात धरला. तिनं धरू दिला, पण मग हळूच सोडवून घेतला.

"आता बसवेश म्हणतो, तुमच्या घरातल्या बाईनं, न्हाय का, मास्तरच्या बायकोनं, आधी एक फोटो काढलाय. त्यात ते दिसतंय म्हणं. तेवढा दे मला करून. आडतीत लावीन."

"म्या काढलाय, त्यात वेल निघालीय, शांताक्का, तो बी देते..."

"तुझा नको," शांताक्का शांतपणे म्हणाली. "रागानं न्हाय म्हणत. त्यात माझं काय न्हाय."

म्हणजे आता जगात त्या कुलपाचं तोंड एकाच जागी उरलं होतं, महेश्वरीच्या फोटोत. जगदेवीनं स्वतःच्या हातानं, चिंच आणि राख लावून, ते तिथं नेऊन ठेवलं होतं. आता कुणाचा कॅमेरा मोठा, हा प्रश्नच राहिला नव्हता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती महेश्वरीच्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "तो फोटो परत पाठव मला. छापायचाय. दोन प्रती."

"फुटंल."

"बघू."

महेश्वरीनं पाठवला. 

सोमवार-मंगळवार जगदेवी त्या एका फोटोपाशी बसून होती. काचेच्या मापाचा केला की चौकोन दिसायचे, हे तिला माहीतच होतं. कडक केला की भस्माची तासं करवतीसारखी टोकदार व्हायची, मऊ केला की सगळंच राखेत मिसळायचं. गिऱ्हाइकाचा असता तर तिनं चार डाग मिटवून, उजेड चढवून दिला असता. दोनदा सवयीनं बोट तिथं गेलंही. मग ती तसंच बघत राहिली. शांताक्कानं सांगितल्यावर तिला ती बोटं दिसायला लागली होती: वरची डावीकडून वळलेली, खालची उजवीकडून, आणि मधे एक सुताएवढी मोकळी जागा, जिथं दोघांपैकी कुणीच बोट टेकवलं नव्हतं. महेश्वरीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं न सांगताच फोटोचा मध्य तिथं ठेवला होता.

आणि इथं जगदेवीच्या काळजात पुन्हा कळ उठली. पश्चात्ताप होता, शांताक्काची आठवण होती, सगळं होतं, पण त्याच्यासकट हेवाही होताच, पहिल्याहून खोल. आधी तिला वाटायचं की भावजयीला फुकट मिळालं. आता तिला दिसत होतं की फुकट नव्हतं.

शेवटी तिनं फोटो मोठा करायचं सोडून दिलं. तळहातावर मावेल एवढाच छापला, जेवढा फुटत नाही तेवढा, आणि भोवती मोठा कोरा कागद सोडला.

बुधवारी नवमी. कॅमेरे, तिपाई, कात्री, सगळं पाटावर मांडून अप्पांनी भस्म लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग सगळे खाली काचेपाशी आले. जगदेवीनं कपाट उघडलं, पण लावायच्या आधी पेन हातात घेतलं.

"अप्पा, खाली नाव टाकते."

"काचेत कधी नाव टाकलं न्हाय आपण."

"तुमचेच फोटो व्हते. वर पाटी हाय, नाव कशाला लागंल? हा तुमचा न्हाय. माझा बी न्हाय."

अप्पा लेकीकडं बघत राहिले. ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती.

"टाक," ते म्हणाले.

तिनं कोऱ्या कागदावर खाली लिहिलं, 'महेश्वरी', आणि फोटो लावला. अप्पा भिंग घेऊन काचेला नाक लावून उभे राहिले. जगदेवी बाजूला थांबली. छपाईबद्दल ते काही म्हणतील, असं तिला वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. अप्पांनी भिंग खिशात ठेवलं आणि विचारलं, "पुरण झालं का?"

श्रीदेवी बांगड्यांचं दुकान सोडून आली. "एवढ्या मोठ्या काचेत एवढुसा फोटो? कागद संपला व्हय?"

"जवळ यिऊन बघ," जगदेवी म्हणाली.

श्रीदेवी जवळ गेली, आणखी जवळ गेली, आणि बराच वेळ तिथंच वाकून राहिली. 

दुसरी प्रत घेऊन महेश्वरी आडतीत निघाली होती. जगदेवीनं तिला पायरीवर गाठलं.

"महेश्वरी, तू येत्या रविवारी कुठं जाणार हायेस?"

"लोहाऱ्याला. बाजाराच्या मागं एक पडकं घर हाय. भिंती पडल्यात, चौकट तेवढी उभी हाय, आणि तिला कुलूप." ती जरा थांबली. "का?"

"मी येते. कॅमेरा न्हाय आणणार. नुसती येते. तू कशी बघतीस ते बघायचंय."

महेश्वरीनं तिच्याकडं बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"मला तुझा हेवा वाटतो," जगदेवी म्हणाली. हळू आवाजात, पूजेत म्हणावं तसं. "शुक्रवारी वाटला म्हणून गेले. आज बी वाटतोय. जाईल असं काय दिसत न्हाय."

"म्हाईत हाय, अक्का. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय."

"असंल."

महेश्वरीनं फोटोचं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. "या. पण कशाला हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत."

"फुंकर बी मारायची न्हाय."

"बरं. गाडी कितीला हाय?"

"सव्वासातला. तुमची पूजा?"

"आधी उरकते," जगदेवी म्हणाली आणि पुरणाखालचा गॅस बघायला वर गेली.